बंद नळीतली गळती : पहूर परिसरातील एसी दुरुस्तीच्या कामाचा अनुभव

जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वाघूर नदीच्या काठी वसलेल्या जामनेर तालुक्यातील पहूरमध्ये, पेठ आणि कसबे या दोन्ही भागांत, घरांचे रूप गेल्या एका पिढीत पालटले असून जाड मातीच्या भिंतींच्या धाब्याच्या घरांची जागा सिमेंटच्या स्लॅबने घेतली आहे. धाब्याचे घर दिवसाचे ऊन आपल्या जाडीत मुरवून घेत असे आणि आतल्या माणसापर्यंत ते पोहोचेतो बाहेर रात्र झालेली असे. स्लॅब मात्र दुपारभर तापतो आणि मध्यरात्र उलटली तरी खालच्या खोलीत उष्णता ओतत राहतो. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा पाण्याच्या बाष्पीभवनावर चालणारा कूलर कोरड्या हवेमुळे बरे काम देतो, परंतु जूनच्या तोंडाशी हवेत दमटपणा येताच तो निकामी ठरतो, आणि म्हणून ज्या घरात लहान मूल, म्हातारे माणूस किंवा आजारी व्यक्ती आहे त्या घरात निदान एका खोलीत तरी एसी बसतो. या एसीची दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला उन्हाळ्यात जे बोलावणे वारंवार येते त्याचे शब्द जवळपास ठरलेले असतात: थंडावा येत नाही, गॅस संपला असेल, येऊन भरून द्या.

या वाक्यातील ‘संपला’ हा शब्द चुकीचा असून या व्यवसायातील बहुतेक वाईट सवयी त्याच शब्दातून निघाल्या आहेत, असे या कामात वर्षे घालवलेल्या माणसाला वाटू लागते. एसीमधील गॅस, ज्याला ग्रंथांत शीतक म्हणतात, तो स्वयंपाकाच्या सिलिंडरमधील गॅससारखा जळत नाही किंवा खर्च होत नाही. तांब्याच्या बंद नळीत तो फिरत राहतो: घरातल्या कॉइलमध्ये द्रवाची वाफ होताना तो खोलीतील उष्णता शोषून घेतो, कॉम्प्रेसर ती वाफ दाबून गरम करतो, बाहेरच्या युनिटमधील कॉइलमध्ये, म्हणजे कंडेन्सरमध्ये, तिचा पुन्हा द्रव होताना ती उष्णता बाहेरच्या हवेत टाकली जाते, आणि कॅपिलरी नावाच्या केसासारख्या बारीक नळीतून किंवा एक्सपान्शन व्हॉल्व्हमधून दाब उतरून तोच द्रव परत आत येतो. नळी खरोखर बंद असेल तर कारखान्यात भरलेला गॅस यंत्राच्या आयुष्यभर पुरायला हवा. तो कमी झाला याचा अर्थ नळीला कोठेतरी छिद्र आहे, आणि छिद्र तसेच ठेवून गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे होय.

हे कारागिराला माहीत नसते असे नाही. आयटीआयमधील दोन वर्षांच्या रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगच्या अभ्यासक्रमात हा धडा सुरुवातीलाच येतो. तरीही गळती न शोधता गॅस भरला जातो, कारण या व्यवसायाची वर्षभराची कमाई मार्च ते जून या चार महिन्यांत गोळा करावी लागते, गॅस भरून तास-दीड तासात पैसे मिळतात, तर गळती शोधण्यात अख्खा दिवस आणि पुष्कळदा एक रात्रही जाते, आणि त्या शोधाचे वेगळे पैसे द्यायला ग्राहक सहसा तयार नसतो. मोबदला भरलेल्या गॅसचा मिळतो आणि सापडलेल्या छिद्राचा मिळत नाही, ही या धंद्याची मूळ अडचण आहे. दोष एकट्या कारागिराच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही.

गॅस कमी झाल्याची ओळख पटवणे हे पहिले काम, आणि तेथेच पहिली फसगत होते. गॅस कमी झाला की आतल्या कॉइलमधील दाब उतरतो, दाब उतरला की गॅस ज्या तापमानाला उकळतो ते तापमानही उतरते, आणि ते शून्य अंशाखाली गेले की हवेतील ओलावा कॉइलवर बर्फ होऊन साचतो. आर-२२ या जुन्या गॅससाठी ही सीमा प्रेशर गेजवर सुमारे ५७ पीएसआय (दर चौरस इंचावर पडणाऱ्या पौंडांच्या भाराचे माप) येते, तर हल्लीच्या आर-३२ साठी ती सुमारे १०३ पीएसआयवर असते. त्यामुळे जुन्या यंत्रांवर हात बसलेला माणूस नव्या यंत्रावर ६५ पीएसआय पाहून समाधान मानू लागला तर मोठी चूक होते. परंतु बर्फ दिसला म्हणजे गॅस गेलाच, असेही नाही. हवेची जाळी धुळीने भरली असली तरी कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही आणि बर्फ साचतो. गॅस कमी असताना बर्फ बहुधा कॉइलच्या सुरुवातीच्या दोन-तीन नळ्यांपुरता असतो आणि पुढची कॉइल कोमट लागते. जाळी तुंबलेली असताना तो बराचसा सर्वत्र पसरतो. कापसाच्या या मुलखात जिनिंगजवळच्या घरांतील बाहेरच्या युनिटवर रुईचे तंतू गोधडीसारखे चिकटलेले आढळतात आणि तेवढ्यानेही थंडावा निम्म्यावर येतो, म्हणून गेज लावण्याआधी जाळी आणि कंडेन्सर धुणे हा नियम जाणता कारागीर सहसा मोडत नाही. अनेक घरांत काम तेवढ्यावरच संपते.

दुसरी फसगत यंत्र बंद असताना घेतलेल्या दाबाची आहे. बंद यंत्रात जोवर थोडासा तरी द्रव शिल्लक असतो तोवर आतला दाब केवळ तापमानावर ठरतो, गॅसच्या प्रमाणावर नाही. सिलिंडर भरलेला असो वा तळाशी पोहोचलेला असो, गेज तोच आकडा दाखवते. मे महिन्यातील दुपारी तापलेल्या गच्चीवरच्या युनिटमध्ये हा आकडा इतका मोठा दिसतो की गॅस भरपूर आहे असे वाटावे, आणि त्या भरवशावर पुष्कळ वेळा दोष कॉम्प्रेसरच्या नावावर टाकला जातो.

गळती कोठे असते, याचे उत्तर पुस्तकापेक्षा नळीवरची घाण अधिक नेमके देते. गॅससोबत कॉम्प्रेसरचे थोडे तेलही नळीतून फिरत असते, गॅस ज्या फटीतून बाहेर पडतो त्या फटीतून तेलही झिरपते, गॅस हवेत विरून जातो आणि तेल मागे राहते. खानदेशातील धूळ या तेलाला चटकन धरते. बाहेरच्या युनिटच्या बाजूला, जेथे तांब्याची नळी पितळी नटाने जोडलेली असते, तेथे बोट फिरवले असता इतर भागांवरची कोरडी, करडी धूळ बोटावरून झटकली जाते, पण नटाच्या खालच्या कडेला चंद्रकोरीसारखा काळसर, चिकट पट्टा लागतो आणि तो बोटांमध्ये चोळला तर घसरतो. गॅस बाहेर पडल्याची ही खूण सहसा फसवत नाही, आणि ती पुसून टाकण्याआधी पाहायला हवी. यंत्र आधी पाण्याच्या फवाऱ्याने स्वच्छ धुऊन मग गळती शोधणारा हाताशी आलेला पुरावा स्वतःच वाहून घालवतो. म्हणून धुण्याचा नियम वर सांगितला असला तरी धुण्याआधी सगळ्या जोडांवरून नजर आणि बोट फिरवणे हा त्याहून वरचा नियम मानावा लागतो.

हा नट ज्या जोडावर बसतो त्याला फ्लेअर म्हणतात, म्हणजे तांब्याच्या नळीचे तोंड तुतारीसारखे रुंद करून ते पितळी शंकूवर नटाने आवळले जाते आणि धातूवर धातू घट्ट बसल्याने गॅस अडतो. नळी कटरने न कापता करवतीने कापली, तोंडाची कड घासून साफ केली नाही, नट कमी आवळला किंवा अंगच्या बळाने वाजवीपेक्षा जास्त आवळला, तर ते तोंड चिरते किंवा पातळ होते, आणि बसवताना झालेली ही चूक दोन-तीन उन्हाळ्यांनंतर प्रकट होते. घरगुती स्प्लिट एसीमध्ये शोध नेहमी या फ्लेअर जोडांपासून सुरू करावा.

नट स्वतःही तडकतो, आणि त्याचे एक कारण या भागात लक्षात ठेवण्याजोगे आहे. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातील फौजेची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवली जात आणि पावसाळा संपल्यावर त्यांच्या पितळी पुंगळ्या तडकलेल्या आढळत; या दोषाला ऋतूवरून नाव पडले, पण त्याचे कारण १९२१ मध्ये स्पष्ट झाले, ते असे की जनावरांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि ओलावा एकत्र आले की ताणाखाली असलेल्या पितळेला भेगा पडतात. आवळलेला फ्लेअर नट हे ताणाखालचे पितळच असते. घरामागच्या गोठ्याला लागून असलेल्या भिंतीवर बाहेरचे युनिट बसवले तर काडतुसांची गोष्ट नटाच्या बाबतीत पुन्हा घडू शकते, म्हणून जागा निवडताना गोठा आणि उघडी गटार यांपासून युनिट दूर ठेवण्याचा आग्रह धरणे कारागिराचे कर्तव्य ठरते. उघड्या गटारीतून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायूही तांबे काळे पाडून खातो.

आतल्या कॉइलची गळती याहून अवघड असते. तेथे तांब्याच्या भिंतीत मुंग्यांच्या वारुळासारखी वेडीवाकडी, डोळ्यांना न दिसणारी भुयारे पडतात. प्लायवुड, चिकटद्रव्ये, सफाईची रसायने यांतून निघणारी सौम्य आम्ले आणि कॉइलवरचे पाणी यांच्या संयोगाने हा गंज लागतो. एक छिद्र बुजवले की महिन्याभरात शेजारी दुसरे उघडते. अशा कॉइलवर झाळण करत राहण्यापेक्षा ती बदलावी हेच योग्य, जरी त्याचा खर्च ऐकून घरमालकाचा चेहरा उतरतो आणि तो उतरलेला चेहरा पाहणे कारागिरालाही सोपे जात नाही.

शोधाची साधने बदलत गेली आहेत. आर-२२ च्या काळात एक विशेष दिवा वापरत, ज्याची ज्योत गळणाऱ्या गॅसपाशी नेली असता हिरवी होई. हा हिरवा रंग गॅसमधील क्लोरीनमुळे येतो आणि आर-४१०ए किंवा आर-३२ या नव्या गॅसमध्ये क्लोरीन नसल्याने त्यांच्यापुढे तो दिवा आंधळा असतो. शिवाय आर-३२ हा सौम्य ज्वलनशील गॅस असल्याने त्याच्या गळतीपाशी ज्योत नेणेच चूक आहे. इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर वर्षाला काही ग्रॅम इतकी बारीक गळतीही हेरतो, परंतु वारा असला की तो गोंधळतो, आणि पहूरच्या गच्चीवर मे महिन्यात वारा नसतो अशी दुपार विरळाच. त्यामुळे साबणाचा फेस हे सर्वांत जुने साधन अजून मागे पडलेले नाही. पाण्यात घट्ट कालवलेला साबण किंवा शाम्पू ब्रशने जोडावर लावला जातो आणि मग थांबावे लागते. मोठी गळती लगेच फुगा काढते. बारीक गळती दोन-तीन मिनिटांनी मोहरीएवढ्या पांढऱ्या बुडबुड्यांची रांग उभी करते, आणि तितका वेळ उन्हात एका नटाकडे पाहत बसण्याची तयारी नसेल तर ती दिसतच नाही. दुपारच्या उन्हात फेस त्याआधीच वाळून जातो, म्हणून हे काम सकाळी लवकर किंवा दिवेलागणीला करावे.

परंतु यंत्रात गॅस फारच थोडा उरला असेल तर फेस आणण्याइतका दाबच नसतो, आणि तेव्हा नायट्रोजन लागतो. नायट्रोजन कोरडा, निष्क्रिय आणि स्वस्त वायू असून, सिलिंडरवर रेग्युलेटर लावून यंत्राच्या नळीत तो ठरावीक दाबाने भरला जातो, मग व्हॉल्व्ह बंद करून गेजचा आकडा आणि त्या वेळचे तापमान लिहून ठेवले जाते आणि यंत्र रात्रभर तसेच सोडले जाते. झाळण्यासाठी नेहमी सोबत असलेला ऑक्सिजनचा सिलिंडर या कामी वापरण्याचा मोह कोणालाही, कधीही होता कामा नये, कारण दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचे तेल एकत्र आले की स्फोट होतो.

रात्रभराच्या या चाचणीत एक गणित आहे, जे न जमल्याने चांगल्या जोडावर संशय घेतला जातो. समजा, दुपारी ४२ अंशांना गेज ३५० पीएसआय दाखवत होते आणि पहाटे २८ अंशांना ते ३३४ दाखवते. घरमालक म्हणतो, सोळा उतरले, म्हणजे गळती आहे. नवशिका कारागीरही तसेच म्हणतो आणि सगळे नट पुन्हा आवळायला घेतो. वस्तुतः बंद भांड्यातील वायूचा दाब तापमानाबरोबर चढतो-उतरतो, आणि हे प्रमाण काढताना तापमानात २७३ मिळवावे लागतात, तर गेजच्या आकड्यात वातावरणाचे १५ पीएसआय. ३६५ ला ३०१ ने गुणून ३१५ ने भागले आणि मिळालेल्या सुमारे ३४९ मधून ते १५ वजा केले की ३३४ उरतात. म्हणजे थेंबभरही वायू गेलेला नाही. रात्र थंड झाली, इतकेच. आकडा ३२० वर आला असता तर मात्र छिद्र नक्की होते. ज्या मुलखात दुपार आणि पहाट यांत १४-१५ अंशांचे अंतर पडते तेथे हा हिशेब वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला असावा. पहाटे गच्चीवर चढून काचेतील काट्याकडे पाहणे, काटा हिशेबाच्या जागी उभा असलेला दिसणे आणि आदल्या दिवशीचा जोड टिकला हे कळणे, हे या कामातील मोठे समाधान आहे, आणि गॅस भरून पैसे घेऊन निघून जाणाऱ्याच्या वाट्याला ते येत नाही.

दुरुस्तीआधी यंत्रात शिल्लक असलेला गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून बंद करण्याच्या कृतीला पंप डाऊन म्हणतात आणि तिने गॅस वाचतो, पण आतल्या बाजूला गळती असताना ती करू नये. कॉम्प्रेसर त्या छिद्रातून बाहेरची हवा ओढतो, हवा आणि तेल एकत्र दाबले जाऊन डिझेल इंजिनात पेट घ्यावा तसा आतल्या आत पेट घेतात आणि कॉम्प्रेसर फुटून जवळच्या माणसाच्या जिवावर बेतते. अशा वेळी उरलेला गॅस रिकव्हरी यंत्राने वेगळ्या सिलिंडरमध्ये काढून घ्यावा, हा खरा मार्ग. लहान गावात हे यंत्र क्वचितच कोणाकडे असते, आणि दोन-तीन गावांच्या कारागिरांनी मिळून ते घेणे अशक्य मुळीच नाही.

छिद्र सापडल्यावरची दुरुस्ती त्या मानाने सरळ आहे. फ्लेअर खराब असेल तर नळी कापून नवे तोंड करावे लागते. नळीला चीर असेल तर तांबे-फॉस्फरसच्या कांडीने झाळावे लागते, ज्यासाठी तांबे ७०० अंशांच्या वर तापवावे लागते, आणि तेव्हा नळीतून नायट्रोजनची मंद धार वाहती ठेवली नाही तर आतून काळी खपली धरते, जी पुढे कॅपिलरीत जाऊन अडकते. झाळण्याआधी नळीतला गॅस पूर्ण निघालेला असावा, कारण ज्योतीत सापडलेल्या गॅसचे विषारी वायूंत रूपांतर होते. त्यानंतर व्हॅक्यूम पंपाने नळीतील हवा आणि ओलावा काढावा लागतो. नव्या यंत्रांतील तेल ओलाव्याला अतिशय लोभी असते आणि पाण्याशी मिळून आम्ल बनवते, म्हणून दाब ५०० मायक्रॉनपर्यंत, म्हणजे पाऱ्याच्या अर्ध्या मिलिमीटरपर्यंत, खाली नेऊन तो तेथे टिकतो का ते पाहावे लागते. पंप न लावता थोडा गॅस सोडून हवा ढकलून देण्याची जी पद्धत सर्रास चालते तिने ओलावा निघत नाही. शेवटी गॅस यंत्राच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनानुसार काट्यावर मोजून भरावा. पाइप हाताला गार लागला की थांबायचे, ही अंदाजाची रीत ४४ अंशांच्या दुपारी कोणालाही फसवते.

वाया जाणारा गॅस केवळ घरमालकाच्या खिशातून जात नाही. आर-२२ ओझोनचा थर विरळ करतो, आणि १९८७ च्या मॉन्ट्रियल करारान्वये, ज्यात भारत १९९२ मध्ये सहभागी झाला, तो टप्प्याटप्प्याने हटवला जात आहे. त्याच्या जागी आलेले आर-४१०ए आणि आर-३२ ओझोनला धक्का लावत नाहीत, परंतु हवा तापवण्याची त्यांची ताकद मोठी आहे: एक किलो आर-३२ म्हणजे सुमारे ६७५ किलो कार्बन डायऑक्साइड, तर एक किलो आर-४१०ए म्हणजे दोन हजार किलोंहून अधिक. आर-२२ चा आकडा सुमारे १,८०० आहे, म्हणजे एका जुन्या एसीतला किलोभर गॅस गळणे हे साधारण पावणेआठशे लिटर पेट्रोल जाळण्याइतके ठरते. आर-२२ च्या जागी आलेल्या या गॅसवरही किगाली येथील २०१६ च्या दुरुस्तीने मर्यादा आणली असून, भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली आणि २०३२ पासून कपात सुरू करून २०४७ पर्यंत ती ८५ टक्क्यांवर नेण्याचे बंधन स्वीकारले. केंद्राच्या २०१९ च्या शीतकरण कृती आराखड्यात एक लाख सेवा-तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते. हे प्रशिक्षण तालुक्याच्या गावापर्यंत यायला हवे, कारण गॅस हवेत जातो तो मुंबईतल्या एखाद्या परिषदेत नव्हे, जामनेर तालुक्यातल्या एखाद्या गच्चीवरच्या सैल नटातून जातो.

एसी असलेल्या कुटुंबांना एवढीच विनंती आहे की थंडावा कमी झाला तर मार्चमध्ये, मेच्या गर्दीआधी बोलावणे पाठवावे, ‘गॅस भरून द्या’ असे न म्हणता ‘गळती शोधून द्या’ असे सांगावे, शोधाचे पैसे वेगळे ठरवावेत आणि कारागिराने नायट्रोजन भरून ठेवलेले यंत्र एक रात्र हात न लावता तसेच राहू द्यावे.